आधी आयडी कार्ड बदला, मग लोगो रंगवा

गेल्या जूनमध्ये, एलजीबीटी लोकांच्या 'प्राइड' महिन्यानिमित्त, आमच्या कंपनीच्या लोगोवर इंद्रधनुष्य चढलं. एका रात्रीत. त्याच जूनमध्ये माझ्या टीममधल्या एकीचा आयडी कार्डवरचं नाव बदलण्याचा अर्ज सातव्या आठवड्यात पडून होता. तेव्हापासून मनात साचलंय ते आज लिहिते. (पोस्ट तिला दाखवली आहे. तिने दोन वाक्यं खोडली, ती मी काढली.)

ती ट्रान्स आहे, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेली स्त्री. आमच्याकडे रुजू झाली ती पुरुषाच्या नावाने, आणि सहा वर्षं त्याच नावाने काम केलं. तिने मला सांगितलं त्या दिवशी मी थक्क वगैरे झाले, पण रात्री आठवायला लागल्यावर लक्षात आलं की वर्षभर ती मीटिंगमध्ये 'मी करतो' म्हणालीच नव्हती. 'करीन', 'मला जमेल', 'माझ्याकडून होऊन जाईल', 'मी पाठवलं'. मराठीत 'मी' म्हटलं की पुढचं क्रियापद बहुतेकदा तुमचं लिंग जाहीर करूनच मोकळं होतं. तिथून निसटायच्या जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या सगळ्या तिने शोधून ठेवल्या होत्या. आठ तास काम आणि वर हे व्याकरण. मी शेजारी बसून ऐकत होते, आणि माणूस जरा अबोल आहे एवढाच निष्कर्ष काढला होता.

अशा वेळी वरिष्ठाने काय करावं यावर लोक भाषणं देतात. माझं म्हणणं साधं आहे: कारकुनी करावी. 'आम्ही तुझ्या पाठीशी आहोत' हे वाक्य फुकट असतं. मी तिला तीनच गोष्टी विचारल्या. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, आणि कोण सांगणार, तू की मी? तिने 'अजून दोन महिने कुणालाच नाही' म्हटलं, म्हणून मी माझ्या साहेबांनाही सांगितलं नाही. ही बातमी तिची, तारीखही तिची.

मग आम्ही दोघींनी एक शीट उघडली आणि जुनं नाव कुठे कुठे बसलंय ते शोधत गेलो. ईमेल आयडी. हजेरीचं मशीन. फोनची डिरेक्टरी. विम्याचं कार्ड. पगाराची स्लिप. ड्रॉवरवरचं लेबल. व्हिडिओ कॉलमधलं नाव. शेअर्ड फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलखाली 'तयार केली' पुढे छापलेलं नाव. एकतीस जागा निघाल्या. क्रमही महत्त्वाचा असतो, हे ठेच लागल्यावर कळलं: पगाराच्या नोंदीत नाव आधी बदललं, बँकेत जुनंच होतं, त्या महिन्याचा पगार नऊ दिवस अडकला. विम्याचं तर बँकेच्या आधी बघा. एका कागदावर स्त्री आणि दुसऱ्यावर पुरुष असेल तर क्लेम अडकतो, आणि तो नेमका आजारपणात अडकतो.

एवढं करूनही बत्तिसावी जागा राहिलीच. वाढदिवसाचा मेल. तो कुणी पाठवत नाही, सिस्टिम आपोआप पाठवते, आणि तिची यादी वेगळी. सगळ्यांना सांगून पाच आठवडे झाले होते, सगळं सुरळीत होतं, आणि सकाळी नऊ वाजता एकशेचाळीस जणांच्या इनबॉक्सात जुन्या नावाने केक आणि फुगे. ती काही बोलली नाही. दुपारी नेहमीप्रमाणे रिपोर्ट पाठवला. मला मात्र त्या दिवशी काही सुचलं नाही.

'एवढं काय त्यात, नावच तर आहे' म्हणणाऱ्यांसाठी लिन कॉनवे. संगणकशास्त्रात मोठं नाव. 1968 साली त्यांनी आयबीएम या संगणक कंपनीला, जिथे त्या नोकरीला होत्या, आपण ट्रान्झिशन करणार, म्हणजे यापुढे स्त्री म्हणून जगणार, असं सांगितलं, आणि नोकरी गेली. नव्या नावाने कंत्राटी प्रोग्रामर म्हणून शून्यापासून सुरुवात केली, पुढे चिप डिझाइनची पद्धतच बदलून टाकली, पण आधीचं काम आपलं आहे हे तीसेक वर्षं उघडपणे सांगता आलं नाही. आयबीएमने माफी मागितली 2020 साली. बावन्न वर्षांनी. मला यात कंपनीचाच तोटा जास्त दिसतो, पण ते असो.

आता ज्याचं सगळ्यांना कुतूहल ते. 'ऑपरेशन झालं का?' हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला, तोही जिन्यात गाठून. दुसऱ्या कुणाच्या शरीराबद्दल असं विचारता का? कुणी हॉर्मोन घेतं, कुणी नाही. कुणी शस्त्रक्रिया करतं, कुणी कधीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मंजूर केलेल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात ट्रान्स असण्याचा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढला, आपल्या जिन्यातून तो कधी निघणार कोण जाणे. टीमलीडला कळायला हवं ते फार थोडं आहे. इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनने आवाज बदलत नाही, त्यामुळे फोनवर समोरचा 'हो सर' म्हणत राहतो. तिला नको असेल तेव्हा ते कॉल दुसऱ्याने घ्यावेत. इलेक्ट्रोलिसिससाठी, म्हणजे केस कायमचे काढण्याच्या उपचारासाठी, चेहऱ्यावरचे केस थोडे वाढलेले लागतात, म्हणून सेशनच्या आधीचे दोन दिवस तिला कॅमेऱ्यासमोर यायचं नसतं. मी ते दोन दिवस घरून काम दिले. कारण कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

टॉयलेट: बायकांचं. ज्यांना अडचण होती त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावरचं मोकळं होतं. तिला वर पाठवायचा प्रस्ताव आला होता, मी हाणून पाडला. विषय संपला.

चुका माझ्याही झाल्या. एका मीटिंगमध्ये तोंडातून 'तो बघून घेईल' निघालं, आणि मी इतकी ओशाळले की पाच मिनिटं माफीच मागत बसले. शेवटी तीच माझी समजूत घालायला लागली, आठ जणांसमोर. 'ती बघून घेईल' म्हणून पुढच्या मुद्द्यावर जायचं असतं, एवढंच. माझ्या अपराधी भावनेची सोय लावणं हे तिचं काम नव्हे.

आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांना हे पटलेलं नव्हतं आणि ते तसं मला म्हणालेही. मी म्हटलं, पटू नका, नाव तेवढं बरोबर घ्या. त्यांनी नावही टाळलं. सहा वर्षं जिला अरे-तुरे केलं तिला अचानक अहो-जाहो सुरू केलं, कारण 'तुम्ही आलात का' यात बाई-पुरुष कळत नाही. आठ महिने हे आदरार्थी बहुवचन चाललं. वर्षभर तिने ज्या पळवाटा वापरल्या, त्याच आता हे वापरत होते, आणि मला ते बघून राग यायचा की हसू, सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात वर्षअखेरीच्या गडबडीत ते हातात कागद घेऊन तिच्या टेबलापाशी आले. चिडलेले होते.

"अगं, सकाळपासून होतीस कुठे? ही बेरीज बघ, साफ चुकलीय."

तिने कागद घेतला, बघितला.

"हो, चुकलीय. करते दुरुस्त."