अभ्यासाच्या खोलीत एसी १८ वर? एकेक दावा तपासून पाहू

परीक्षा जवळ आल्या की एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. अभ्यासाला बसताना एसी १८ वर ठेवा, थंडीत मेंदू तल्लख चालतो, झोप जवळ फिरकत नाही. खोली लवकर गार करायची तर आधी १६ वर टाका. दारं-खिडक्या घट्ट लावून घ्या, एसी हवा स्वच्छ करतोच, बाहेरच्या हवेची गरज नाही. आणि शेवटी, हे सगळं शास्त्राने सिद्ध झालं आहे म्हणे.

आईवडील हा मेसेज मुलांना पाठवतात, अभ्यासिकांच्या ग्रुपवर तो पुढे ढकलला जातो. मग मुलं भर उन्हाळ्यात हुडी चढवून, बोटं मांडीखाली दाबून, कोंदट खोलीत तासन्‌तास बसतात आणि डोकं का दुखतंय ते त्यांना कळत नाही. अभ्यासिकेत हे चित्र मी नेहमी बघते, म्हणून यातला एकेक दावा नीट तपासायला हवा असं मला मनापासून वाटतं.

या मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करते. उकाड्यात अभ्यास होत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात बॉस्टनमध्ये उष्णतेची लाट आली होती, तेव्हा हार्वर्डच्या संशोधकांनी ४४ तरुण विद्यार्थ्यांची पाहणी केली. काही एसी असलेल्या वसतिगृहात राहत होते, काही बिनएसीच्या. रोज सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर छोट्या चाचण्या द्यायच्या होत्या. बिनएसीच्या खोल्यांतल्या मुलांना एका चाचणीत उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला आणि बेरीज-वजाबाकीत त्यांचे गुणही साधारण तेवढेच कमी पडले. ही धडधाकट मुलं होती, आजारी किंवा वयस्क नव्हेत. अमेरिकेतल्याच शाळकरी मुलांच्या परीक्षांचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात शाळेचं वर्ष जितकं जास्त गरम तितकं त्या वर्षातलं शिकणं कमी, असं दिसलं, आणि वर्गात एसी असेल तर हे नुकसान जवळजवळ भरून निघतं असंही दिसलं. म्हणून 'आम्ही नाही का पंख्याखाली शिकलो' असं म्हणून मुलांना गप्प करणाऱ्यांशीही माझं पटत नाही. घामाने वही चिकटत असताना ज्याचं लक्ष उडतं, तो आळशी नसतो.

पण उकाडा वाईट म्हणजे १८ अंश चांगले, ही उडी कुठून आली? बॉस्टनच्या त्याच पाहणीत एसी असलेल्या खोल्यांचं तापमान सरासरी २१ अंशांच्या आसपास होतं. कार्यालयातल्या कामावर झालेले बरेच प्रयोग एकत्र करून २००६ मध्ये काढलेल्या निष्कर्षात सगळ्यात चांगलं काम साधारण २२ अंशांना होतं असं आलं, आणि त्याच्या खाली गेलं की कामाचा दर्जा पुन्हा उतरतो असंही आलं. हे 'खाली गेलं की उतरतो' मेसेजमधून नेमकं गळलं आहे. शिवाय २२ च्या दोन्ही बाजूंना तो उतार अगदी सौम्य आहे. २२ आणि २५ यांत जो थोडा फरक आहे, त्याच्यासाठी कुडकुडण्यात अर्थ नाही.

त्यातही सगळ्यांसाठी एकच आकडा ही कल्पना टिकत नाही. बर्लिनमध्ये ५४३ विद्यार्थ्यांना १६ ते ३२ अंशांच्या दरम्यान वेगवेगळ्या तापमानाच्या खोल्यांत बसवून गणिताच्या आणि शब्दांच्या चाचण्या दिल्या होत्या. २०१९ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध झाला. खोली जितकी उबदार तितकी मुलींची कामगिरी सुधारली. मुलांची थोडी घसरली, पण मुलींचा फायदा त्याहून मोठा होता. अभ्यासिकेत रिमोट कोणाच्या हातात असतो आणि स्टोल गुंडाळून कोण बसलेलं असतं, ते एकदा बघा. 'तुलाच कशी थंडी वाजते' असं मुलीला ऐकवण्याआधी हा प्रयोग आठवावा.

गारवा किती वाटतो हे हवेच्या तापमानावर एकट्यावर ठरतच नाही. डॅनिश अभियंता फांगर यांनी १९७० मध्ये याचं जे गणित मांडलं त्यात सहा गोष्टी होत्या: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-छताची उष्णता, दमटपणा, हवेचा वेग, अंगावरचे कपडे आणि शरीर किती काम करतंय. छत उन्हाने तापलेलं असेल तर २४ लाही डोकं तापतं, आणि पंखा हळू फिरत असेल तर २६-२७ सुद्धा सुखाचं वाटतं. आणखी एक म्हणजे रिमोटवरचा आकडा हे खोलीचं तापमान नाही, ती फक्त आपली मागणी आहे. तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक एसींत वर, यंत्रातच असतो, आणि छताजवळची हवा टेबलाजवळच्या हवेपेक्षा जास्त गरम असते. टेबलावर साधं थर्मामीटर ठेवलं की रिमोटवरून चाललेले निम्मे वाद मिटतात.

आता झोप. हा दावा सगळ्यांना पटतो, कारण थंड झुळूक लागली की क्षणभर तरतरी येते हे खरं आहे. पण ती टिकत नाही. झोप अनावर झालेल्या वाहनचालकांच्या तोंडावर गार हवा सोडली तर ते जागे राहतात का, हे इंग्लंडमध्ये रेनर आणि हॉर्न यांनी तपासलं होतं, १९९८ मध्ये. उपयोग जवळपास झाला नाही. झोप अपुरी असेल किंवा दुपारी जेवणानंतरची सुस्ती असेल, तर थंडीने ती भरून निघत नाही. ती वीस मिनिटांच्या डुलकीने, नाहीतर रात्री वेळेवर झोपून भरून निघते.

उलट एक विचार करा. चांगली झोप लागावी म्हणून डॉक्टर काय सांगतात? खोली गार ठेवा आणि पांघरूण घ्या. हात-पाय उबदार झाले की झोप लवकर लागते हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. १८ वर एसी लावून, पाय वर घेऊन, ब्लँकेटमध्ये शिरून पुस्तक वाचणारा मुलगा नेमकी तीच तयारी करत असतो. आणि त्याने ब्लँकेट घेतलं नाही, तर शरीर हातापायांकडचं रक्त आखडून घेतं, बोटं ताठरतात, अक्षर बिघडतं आणि निम्मं लक्ष थंडीकडेच राहतं.

झोपेचं आणखी एक कारण त्या खोलीतच असतं आणि मेसेज ते वाढवायला सांगतो. दारं-खिडक्या घट्ट लावा, हा यातला सगळ्यात घातक सल्ला आहे. स्प्लिट एसी बाहेरून हवा आणत नाही. भिंतीतून जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत गॅस फिरतो, हवा नाही. तो खोलीतलीच हवा आत ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. आपण सोडलेला श्वास खोलीतच राहतो.

हिशेब सोपा आहे. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा मावते. बसून वाचणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोली पूर्ण बंद असेल तर एका तासात हवेच्या दर दहा लाख भागांत सहाशेहून अधिक भागांची भर पडते. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ४२० च्या आसपास असतं. म्हणजे एकटा माणूस तासाभरात हजाराच्या पुढे जातो, आणि दोघं मैत्रिणी दोन तास बसल्या तर तीन हजाराच्या जवळ. फटींमधून थोडी हवा येते-जाते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा कमी भरतो, पण दारखिडक्यांच्या फटीही टेपने बुजवलेल्या मी पाहिल्या आहेत.

२०१२ मध्ये अमेरिकेत २२ जणांवर झालेल्या प्रयोगात हे प्रमाण ६०० वरून १००० वर नेलं, तेव्हा निर्णय घेण्याच्या नऊपैकी सहा कसोट्यांवर कामगिरी घसरली. २५०० ला तर काही कसोट्यांवर ती फारच घसरली. यावर पुढे मतभेद झाले हेही सांगायला हवं. डेन्मार्कमधल्या प्रयोगांत नुसता शुद्ध वायू सोडला तर फरक दिसला नाही, पण माणसांच्या श्वासाने आणि अंगाने खराब झालेल्या हवेत तोच आकडा गाठला, तेव्हा डोकेदुखी, थकवा आणि चुका वाढल्या. अभ्यासाच्या खोलीत हीच, श्वासाने खराब झालेली हवा असते, म्हणून आपल्यापुरता निष्कर्ष बदलत नाही. दर तासाला उठा, खिडकी आणि दार दोन्ही पाच-दहा मिनिटं उघडा. गारवा जाईल याची भीती नको. हवेत उष्णता फार थोडी मावते. भिंती, टेबल, गादी गार झालेली असतात, आणि एक टनाचा एसी तेवढी हवा काही मिनिटांत पुन्हा गार करतो. बाहेर धूळ-धूर असेल तर त्यातल्या त्यात बरी वेळ निवडा. विंडो एसी असेल तर बाहेरची हवा घेण्याची छोटी खटकी त्यावर आहे का बघा.

एसी हवा स्वच्छ करतो, हेही त्यातलंच. त्याची जाळी केस आणि जाड धूळ अडवते. बारीक कण, जंतू, श्वासातला वायू तिच्यातून आरपार जातात. दोन आठवड्यांनी ती पाण्याखाली धरून बघा, म्हणजे आपण काय श्वासात घेत होतो ते कळेल.

१६ वर टाकल्याने खोली लवकर गार होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालू असतो, नाहीतर बंद. १६ सांगा की २४, तो तेवढ्याच जोराने चालतो. इन्व्हर्टर एसी हवं ते तापमान जवळ आलं की जोर कमी करतो, त्यामुळे शेवटच्या एक-दोन अंशांत थोडा फरक पडेल, पण तापलेल्या खोलीत सुरुवातीला तोही जोरातच चालतो. १६ चा खरा परिणाम एवढाच की आपण विसरतो आणि खोली गोठते. लवकर गारवा हवा तर पंखा लावा आणि पडदे ओढा.

दमटपणाचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही, आणि निम्मा त्रास त्याचाच असतो. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये जे पहिलं आधुनिक वातानुकूलन यंत्र आखलं, ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी होतं. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत, म्हणून हवेतला ओलावा काढणं हेच त्याचं काम होतं. पावसाळी हवेत २६ ला सुद्धा चिकचिक होते, तेव्हा आकडा खाली नेण्याऐवजी ड्राय मोड लावून बघा. हवा आधीच कोरडी असेल तर मात्र एसीचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नका. वाचताना, त्यातून स्क्रीनवर वाचताना, पापण्या कमी लवतात. वर कोरडा झोत आला की डोळे चुरचुरतात आणि मुलं समजतात नंबर वाढला. झडपा वर, छताकडे करा.

मग ठेवायचा किती? टेबलाजवळ २४ ते २६, पंखा हळू, आणि ज्याला जसं लागेल तसं एखादा अंश इकडे-तिकडे. कपाळ कोरडं आणि बोटं उबदार असली की आकडा बरोबर आहे.

आणि परीक्षेच्या हॉलमध्ये एसी असेलच असं नाही. न्यूयॉर्कमधल्या शाळांच्या शेवटच्या परीक्षांचा अभ्यास झाला आहे, त्यात गरम दिवशी दिलेल्या पेपरात गुण कमी पडलेले दिसतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. चार महिने १८ अंशांत काढलेल्या मुलाला ती सवय नसते. हॉल बिनएसीचा असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांत पेपरच्या वेळेला एक सराव परीक्षा एसी बंद करून, खिडकी उघडी ठेवून, पंख्याखाली द्यावी. पाण्याची बाटली जवळ असावी, आणि चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच थांबावं. बाकी वेळ एसी खुशाल लावा.