‘तोल मेंदूतच नसेल तर व्यायाम काय करणार?’ : फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत आलेला दोष, असलेल्या मुलांच्या पालकांपर्यंत व्हॉट्सॲपवरून एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत पोहोचत असतो. त्याचा आशय असा : दोष मेंदूत आहे, स्नायूंत नाही, म्हणून व्यायामाने तोल येत नाही, जे यायचे ते पाच वर्षांपर्यंत येते, ताकदीचे व्यायाम दिले तर ताठरपणा वाढतो, आधी ताठरपणा काढा, तोल आपोआप येईल, तोपर्यंत मालिश करा आणि मुलाला पडण्यापासून जपा. संदेशाचा सूर आपुलकीचा असतो, आणि त्यातले पहिले अर्धे वाक्य खरेही आहे. म्हणूनच बाकीचे सहज खपून जाते.

मेंदूची वाढ चालू असताना, म्हणजे जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात झालेली इजा भरून येत नाही, हे मान्यच आहे. परंतु तोल ही मेंदूच्या एखाद्या कप्प्यात ठेवलेली वस्तू नव्हे. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने अचानक ब्रेक दाबला की आपले शरीर पुढे झुकते, आणि सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात आधी पोटरी, मग मांडीची मागची बाजू आणि मग पाठ अशा क्रमाने स्नायू आवळले जाऊन आपण सावरतो. दोन्ही पायांत ताठरपणा असलेल्या, म्हणजे डायप्लेजियाच्या, अनेक मुलांत हा क्रम बिघडलेला असतो : वरचे स्नायू आधी आवळले जातात, सांध्याच्या पुढचे व मागचे स्नायू एकाच वेळी ओढू लागतात, आणि सावरण्याऐवजी पाय ओंडक्यासारखा ताठ होतो. प्रश्न एवढाच की हा क्रम सरावाने बदलतो का.

ॲन शमवे-कुक, मार्जोरी वूलाकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेल्या शाळकरी वयाच्या सहा मुलांना अचानक सरकणाऱ्या फळीवर उभे करून दिवसाला शंभर धक्के, असे पाच दिवस देण्यात आले. धक्क्यानंतर स्थिर होण्यास लागणारा वेळ कमी झाला आणि ती सुधारणा महिन्याभरानेही टिकून होती. मुले सहाच होती, त्यामुळे एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढता येणार नाही. मात्र ‘मेंदूत दोष आहे म्हणून बदल अशक्य’ या विधानाला एवढा अपवादही पुरेसा आहे. पुढे 2015 मध्ये याच विषयावरील पंचेचाळीस अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा पाच पद्धतींच्या बाजूने मध्यम प्रतीचा पुरावा आढळला : प्रत्यक्ष हालचालींचा सराव, धडाचे व्यायाम, शरीराचे वजन पट्ट्यांनी उचलून न धरता केलेले ट्रेडमिलवरील चालणे, घोड्यावर बसवून दिलेली थेरपी, आणि तोल मुद्दाम ढळवून सावरायला लावणे. पुरावा मध्यम आहे, भक्कम नव्हे, आणि जो फिजिओथेरपिस्ट याहून अधिक सांगतो तोही संदेश पाठवणाऱ्याइतकाच चुकतो.

पाच वर्षांच्या मुदतीचा दावा सर्वांत जास्त नुकसान करतो. तो निव्वळ कपोलकल्पित नाही. एका चांगल्या अभ्यासाचा तो चुकीचा अर्थ आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या 657 मुलांच्या हालचालींची वारंवार मोजणी करून पीटर रोझेनबॉम व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये पाच आलेख मांडले, हालचालीच्या क्षमतेच्या पाच पातळ्यांसाठी प्रत्येकी एक. पहिल्या पातळीवरील मुले, म्हणजे आधाराशिवाय चालणारी व जिना चढणारी, आपल्या अपेक्षित क्षमतेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत सरासरी पाचव्या वर्षाच्या आसपास पोहोचतात. पाचव्या पातळीवरील मुले, ज्यांना मानही सावरणे कठीण जाते, सरासरी पावणेतीन वर्षांच्या सुमारास. संदेश लिहिणाऱ्याने यातली ‘पाच वर्षे’ उचलली आणि बाकी सगळे सोडून दिले. एक तर ही सरासरी आहे, वैयक्तिक भविष्य नव्हे. दुसरे, ज्यांची मोजणी झाली त्या मुलांना तिथे त्या काळी रूढ असलेले उपचार मिळत होते, तेव्हा हे आलेख त्या परिस्थितीत काय घडले ते सांगतात. काय घडू शकते याची सीमा ते आखत नाहीत. तिसरे, मोजले गेले ते बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे अशा ढोबळ हालचालींतील एकूण गुण. मोरीच्या ओल्या फरशीवर न घसरता वळता येणे किंवा शाळेच्या जिन्यावर कठडा एकाच हाताने धरून उतरणे अशा बारीक कौशल्यांचे प्रतिबिंब त्या गुणांत फारसे उमटत नाही, आणि सातव्या-दहाव्या वर्षी मुले नेमकी हीच कौशल्ये कमावतात. वर सांगितलेली सहा मुलेही पाच वर्षांपुढचीच होती.

उलट त्याच संशोधक गटाच्या 2009 मधील पुढच्या अभ्यासात असे दिसले की तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या पातळीवरील मुलांची क्षमता वयात येताना काहीशी घटते. उंची आणि वजन वाढते, सांधे आखडतात, आणि कालपर्यंत वॉकर घेऊन चालणारा मुलगा खुर्चीतच बसू लागतो. म्हणजे ‘पाच वर्षे झाली, आता थांबा’ हा सल्ला ज्यांना दिला जातो, त्यांनाच पुढे व्यायामाची अधिक गरज लागणार असते.

ताकदीच्या व्यायामांनी ताठरपणा वाढतो, ही समजूत पालकांनी शोधलेली नाही. ती उपचार करणाऱ्या आम्हा व्यावसायिकांकडूनच त्यांच्याकडे गेली, हे प्रांजळपणे सांगायला हवे. लंडनमध्ये काम करणाऱ्या बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याच्या पद्धतीत जोर लावल्याने ताठरपणा वाढतो असे मानले जाई, आणि त्या पद्धतीच्या प्रभावामुळे कित्येक दशके या मुलांना ताकदीचे व्यायाम दिलेच गेले नाहीत. 1990 च्या दशकापासून डायान डॅमियानो व इतरांनी प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा ताकद वाढली आणि ताठरपणा वाढला नाही. ताठ स्नायू हा बळकट स्नायू असतो असे आपण उगाच धरून चालतो. बहुतेक वेळा तो ताठ आणि कमकुवत असा दोन्ही असतो. तथापि, नुसती ताकद वाढल्याने तोल सुधारेलच असेही नाही. पायाला वजन बांधून पन्नास वेळा गुडघा सरळ करणाऱ्या मुलाचा गुडघा सरळ करण्याचा सराव होतो. उंबरठा ओलांडायचा असेल तर उंबरठाच ओलांडावा लागतो.

‘आधी ताठरपणा काढा’ या दाव्याचेही असेच आहे. बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनाने स्नायू काही महिने सैल होतो, मणक्याजवळच्या निवडक मज्जातंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेने ताठरपणा कायमचा कमी होऊ शकतो, आणि योग्य मुलाला दोन्हींचा उपयोग आहे. पण त्यामुळे सरावासाठी जागा मोकळी होते, सराव होत नाही. याच ओघात दाबाखालील ऑक्सिजनची, म्हणजे बंद कक्षात हवेचा दाब वाढवून दिलेल्या ऑक्सिजनची, जाहिरातही केली जाते. 2001 मध्ये क्युबेकमधील 111 मुलांवर झालेल्या चाचणीत एका गटाला दाबाखालील ऑक्सिजन आणि दुसऱ्याला किंचित दाबाची साधी हवा दिली गेली. दोन्ही गट सारखेच सुधारले.

मालिशीबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. मुलाला बरे वाटत असेल, झोप लागत असेल, तर आजीने खुशाल करावी. मात्र मालिश करताना हालचाल आजीच्या हातांची होते आणि मूल निजलेले असते. हीच हरकत काही थेरपी केंद्रांतल्या त्या तासालाही लागू पडते, ज्यात थेरपिस्ट घामाघूम होतो आणि मुलाने स्वतः काहीच केलेले नसते.

आणि पडू न देण्याविषयी. तोल सावरायला शिकायचे तर तो आधी ढळला पाहिजे. सतत दोन्ही बगलांतून धरलेल्या मुलाचा तोल ढळतच नाही. म्हणून पकड हळूहळू सैल करायची असते : आधी कमरेला, मग एका हाताला, मग फक्त मागे उभे राहून. जमिनीवर सतरंजी अंथरून, भिंतीच्या कोपऱ्यात उभे करून, फडताळाच्या वरच्या कप्प्यातला डबा काढायला लावणे किंवा एक पाय पाटावर ठेवून चेंडू झेलणे, एवढे घरात जमते. इओना नोव्हाक व सहकाऱ्यांच्या 2009 मधील चाचणीत, जी प्रामुख्याने हातांच्या व रोजच्या कामांबद्दल होती, पालकांनी ठरलेला घरचा सराव महिन्यातून सरासरी साडेसतरा वेळा आणि दर वेळी साडेसोळा मिनिटे केला होता, आणि आठ आठवड्यांत फरक दिसला. दोन तास रोज जमत नाहीत म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या आईने हा आकडा पाहावा.

सर्व मुलांना हे असेच लागू होत नाही. ॲटॅक्सिया, म्हणजे हालचालींतला ताळमेळ बिघडलेला, असलेल्या मुलाची अडचण ताठरपणाची नसून हालचालीच्या मापाची असते. फिट येणाऱ्या मुलाला उंचावर उभे करू नये. पाचव्या पातळीवरील मुलाच्या बाबतीत तोल म्हणजे योग्य खुर्चीत मान आणि धड सावरणे. ज्या गोष्टीचा त्या संदेशात उल्लेखही नसतो ती म्हणजे खुबा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांत खुब्याचा सांधा जागेवरून सरकू लागतो, बरेचदा सुरुवातीला न दुखता, आणि चालू न शकणाऱ्या मुलांत याचे प्रमाण सर्वाधिक असते. अशा मुलाला उभे करण्याचा कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी अलीकडच्या काळात खुब्याचा एक्स-रे काढला आहे का, हे विचारून घ्यावे.