अंतर्गत पत्रव्यवहार

ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, कॉलरमागे टोचणारे लेबल, पलीकडच्या खोलीतले घड्याळ आणि कुणीतरी पेनाचे बटण पुन्हा पुन्हा दाबत असल्याचा आवाज हे सारे मला एकाच वेळी आणि सारख्याच तातडीने जाणवते. मात्र आपल्याला केव्हाची लघवीला लागली आहे, ही बातमी माझ्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते. एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणे अवघड करणारी मेंदूची ठेवण) असलेला माझा मेंदू ही अशी कचेरी आहे, जिथे बाहेरच्या कोणाही अभ्यागताला थेट साहेबांच्या खोलीत प्रवेश मिळतो आणि घरचे अर्ज मात्र आवक-जावक टेबलावर धूळ खात पडतात.

शरीराच्या आतल्या खुणा ओळखण्याला शास्त्रात इंटरोसेप्शन म्हणतात. मूत्राशय आपल्या परीने नियमाने वागते. साधारण १५० ते २५० मिलिलिटर साठले की ते पहिली नम्र सूचना पाठवते. ४०० च्या पुढे त्याची भाषा सभ्य राहत नाही, आणि मी सहसा त्याच टप्प्यावर पत्र उघडतो. खरी अडचण अशी की, न वाचलेली सूचना दरम्यान वेश बदलून येते. एका बैठकीत सहकाऱ्याच्या मांडणीत मला पायाभूत वैचारिक दोष दिसू लागला होता. प्रसाधनगृहातून परतल्यावर तीच मांडणी बरीच समंजस वाटली.

अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ मध्येच लिहून ठेवले आहे की, काही माणसांचे चित्त कुणी येरझाऱ्या घातल्याने, टेबल सरकवल्याने, दार एकदम लावल्याने किंवा उजेड थोडा कमी-जास्त झाल्यानेही विचलित होते. ही यादी वाचताना गृहस्थ माझ्याकडे मुक्कामाला राहून गेले असावेत, अशी शंका येते.

उपाय भरपूर आहेत. कानात बोळे घातले की जग शांत होते, पण स्वतःचे चावणे दगड फोडल्यासारखे ऐकू येते. पाणी पिण्याचा गजर मी इतक्या तत्परतेने बंद करतो की तो वाजल्याचे मलाही कळत नाही. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाने लक्ष लागते. मात्र भूकही मंदावते, म्हणजे जी चिठ्ठी पोहोचत नव्हती, ती आता लिहिलीच जात नाही. त्यातल्या त्यात फोन ठेवला की उठायचेच, हा नियम टिकला आहे, कारण त्यात शरीराचे मत विचारावे लागत नाही.

घरची मंडळी माझ्या प्रत्येक तात्त्विक संतापाला हल्ली ‘आधी जेवून घे’ एवढेच उत्तर देतात. या उत्तराचा मला मनस्वी राग येतो आणि तो, दुर्दैवाने, जेवल्यावर उरत नाही.