यूपीआय मोठं आहे, पण डिजिटल भारत अजून अर्ध्या वाटेवर आहे

नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. डिजिटल बदलात भारताने सगळ्या जगाला मागे टाकलं, हे आपणच आधी केलं, जर्मन माणूस अजून नोटा मोजतोय, आपल्याकडे रोख संपली आणि सरकारी कामं घरबसल्या होतात, असं त्यात म्हटलंय. यूपीआय मी रोज वापरतो, ते उत्तम आहे. तरीही यातला एकेक दावा तपासायला हवा.

आधी कोणी केलं? केनियात एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा, 2007 मध्ये सुरू झालं, तेही इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवर. ब्रिटनमध्ये बँकेतून बँकेत तत्काळ पैसे 2008 पासून जाऊ लागले. आपलं आयएमपीएस, म्हणजे बँकेतून बँकेत तत्काळ पैसे पाठवण्याची सोय, 2010 चं, यूपीआय 2016 चं. यूपीआयचं खरं वेगळेपण असं की बँक कुठलीही असो, ॲप कुठलंही असो, पैसे पोचतात. त्याचं श्रेय जरूर घ्यावं.

वापर वाढण्याच्या वेगाचं काय? 2024 मध्ये यूपीआयवर सुमारे 17,200 कोटी व्यवहार झाले. आकडा प्रचंड आहे, पण आपण 140 कोटींच्या वर आहोत. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने पिक्स ही सेवा नोव्हेंबर 2020 मध्ये आणली, म्हणजे आपल्यानंतर चार वर्षांनी. 2024 मध्ये तिच्यावर 6,000 कोटींहून जास्त व्यवहार झाले आणि लोकसंख्या आहे जेमतेम 21 कोटी. माणशी हिशेब केला तर आपले वर्षाला सुमारे 120, त्यांचे 300 च्या आसपास. ब्राझील काही श्रीमंत युरोपीय देश नाही, आपल्यासारखाच विकसनशील आहे. तुलना करायचीच तर त्याच्याशी करूया.

जर्मन लोक रोख वापरतात हे खरं. 2023 मध्ये तिथले निम्मे व्यवहार रोखीत झाले. पण आपला खर्च दुसऱ्या कोणाला कळू नये असं तिथे अनेकांना वाटतं. याला मागासपणा म्हणता येणार नाही. आणि रोख आपल्याकडेही संपलेली नाही: नोटाबंदीच्या तोंडावर चलनात सुमारे 18 लाख कोटी रुपये होते, मार्च 2024 मध्ये जवळपास 35 लाख कोटी.

सरकारी कामं घरबसल्या होतात, हा शेवटचा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. पैसे पाठवणं हा डिजिटल बदलाचा एक तुकडा झाला. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या ई-प्रशासन निर्देशांकात 193 देशांत भारत 97 वा आहे, युरोपातला छोटासा देश एस्टोनिया दुसरा. एस्टोनियाने 2001 मध्येच सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकींना जोडल्या. एका खात्याने घेतलेली माहिती दुसऱ्याने नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही, हे तिथलं तत्त्व. आपल्याकडे अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रिंट काढायची, आधार, रेशनकार्ड आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या झेरॉक्स जोडायच्या आणि गठ्ठा कार्यालयात नेऊन द्यायचा. तो दाखला सरकारनेच दिलेला असतो! एस्टोनियाची लोकसंख्या पुण्यापेक्षाही कमी, त्यांना सोपं गेलं, हे मान्य. पण सरकारने सरकारचंच कागदपत्र मागू नये, यासाठी देश लहान असावा लागत नाही.

घरबसल्या म्हणताना कोणाचं घर, हेही पाहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया 33 टक्के निघाल्या, ग्रामीण भागात फक्त 25 टक्के. पुरुष 57 टक्के. त्यानंतर फोन वाढले आहेत, मान्य. पण आमच्या गावी माझी काकू रेशन दुकानात अंगठा लावते. आयुष्यभर शेतात खुरपून बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीन ओळखत नाही, दोनदा-तीनदा हात पुसून लावावं लागतं. मग ओटीपीचा पर्याय उरतो, आणि तिचा नंबर ज्या फोनला जोडलाय तो घेऊन मुलगा पुण्याला नोकरीवर गेलेला असतो.