नैतिक विजय आणि एक कनेक्टर

जून आला की २०१६च्या ले माँची, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या मोटारशर्यतीची, ती क्लिप कुठून तरी माझ्या फोनवर येतेच. यंदा आमच्या कंपनीच्या ग्रुपवर आली. पांढरी-लाल-काळी टोयोटा, नंबर ५, फिनिश लाइन ओलांडून जेमतेम पुढे येते आणि पिटच्या (इंधन भरायच्या, टायर बदलायच्या जागेच्या) समोर हळूहळू थांबते. शेजारून पोर्शे निघून जाते. गॅरेजमधली माणसं स्क्रीनकडे बघत पुतळ्यासारखी उभी. खाली आमच्या डिझाइनच्या एका पोराने लिहिलं होतं, 'नैतिक विजय टोयोटाचाच.' त्यावर अठरा अंगठे.

हा शब्द मी निवडणुकीच्या निकालाच्या संध्याकाळी ऐकत मोठा झालो. आमच्या वॉर्डातले एक काका तीनदा पडले, तिन्ही वेळा नैतिक विजय. पण चाकणला होज आणि फिटिंगच्या धंद्यात वीस वर्षं क्वालिटी बघणाऱ्या माणसाला तो ले माँच्या बाबतीत ऐकवत नाही. ग्रुपवर वाद घालायचा नाही असं घरी कबूल केलंय, म्हणून इथे लिहितो. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

(आणि हो, ले माँ. 'ले मॅन्स' नाही. निदान तेवढं तरी.)

तारीख १९ जून २०१६, रविवार. पाऊस लांबलेला, पुण्यात घामाच्या धारा. तिकडे फ्रान्समध्ये शनिवारी नेमका शर्यतीच्या तोंडावर असा कोसळला की चोवीस तासांची ती शर्यत सेफ्टी कारच्या (धोका असताना सगळ्यांना हळू नेणाऱ्या गाडीच्या) मागे सुरू करावी लागली. पाऊणएक तास सगळ्या गाड्या लग्नाच्या वरातीसारख्या एकामागे एक. आपल्याकडे ते संध्याकाळी साडेसहाला सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी साडेसहालाच संपतं. त्या वर्षी गंमत अशी की बाकूची पहिलीवहिली फॉर्म्युला वन शर्यत बरोबर त्याच मिनिटाला सुटणार होती. २०१५ला ले माँ जिंकलेला निको हुल्केनबर्ग या गोंधळामुळे आपलं जेतेपद राखायला येऊच शकला नाही. आमच्या घरी टीव्हीवर बाकू, मांडीवरच्या लॅपटॉपवर ले माँ, आणि शेजारी अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील, पिंपरीत टर्नर म्हणून निवृत्त झालेले. शर्यतीतलं त्यांना फारसं कळत नाही, पण मशिनचा आवाज बिघडला की माझ्या आधी कळतो.

त्या वर्षीच्या टोयोटाबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, नाहीतर पुढचं समजणार नाही. २०१५ला टोयोटाचा मार बसला होता. जुनी गाडी ३.७ लिटर व्ही-एट, टर्बो नसलेली. पोर्शे आणि ऑडी सरळ पुढे निघून जायच्या. म्हणून २०१६साठी इंजिनच नवं केलं: २.४ लिटर व्ही-सिक्स, दोन टर्बो, जोडीला हायब्रिड. आणि ते जमलं. पोर्शे एका टाकीत १३ लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) काढायची तिथे टोयोटा १४ काढत होती. १३.६२९ किलोमीटरच्या ट्रॅकवर एक लॅप जास्त म्हणजे चोवीस तासांत पिटच्या फेऱ्या कमी. निव्वळ वेगापेक्षा असल्या हिशेबावर ही शर्यत जिंकतात, आणि म्हणूनच आमच्यासारख्या शॉप फ्लोअरवरच्या लोकांना ती आवडते.

नंबर ५मध्ये तिघे जण आळीपाळीने: अँथनी डेव्हिडसन, सेबास्तियन बुएमी आणि काझुकी नाकाजिमा. शेवटचा टप्पा नाकाजिमाकडे. मागे पोर्शे नंबर २, त्यात नील यानी. शेवटच्या तासात यानी मागे लागलेलाच होता, पण अगदी शेवटी त्याला पुन्हा पिटमध्ये यावं लागलं आणि अंतर मिनिटाच्या वर गेलं. मी लॅपटॉप बाजूला ठेवला, उठलो, आणि म्हणालो, "अप्पा, जिंकली टोयोटा. चहा टाकतो."

अप्पा म्हणाले, "अरे, ती हळू का चाललीय?"

रेडिओवर नाकाजिमा ओरडत होता, पॉवर नाही, पॉवर नाही. जिथे गाडी ताशी तीनशेच्या वर जाते त्या लांब सरळ रस्त्यावर ती रुग्णवाहिकेला वाट देणाऱ्या रिक्षेसारखी कडेने चाललेली. कशीबशी ३८३वी लॅप पुरी केली आणि तीनएक मिनिटं उरलेली असताना फिनिश लाइनच्या पुढे, स्वतःच्याच माणसांसमोर थांबली. पोर्शे शेजारून गेली ती उरलेली एक लॅप पुरी करायला. नाकाजिमाने गाडी पुन्हा चालू केली, पिटमधून सेटिंग बदलून थोडी ताकद मिळवली आणि ३८४वी लॅपही पुरी केली. एरवी साडेतीन मिनिटांच्या आत होणाऱ्या त्या लॅपला जवळजवळ बारा मिनिटं लागली.

नियम असा होता की शेवटची लॅप सहा मिनिटांत झाली पाहिजे. ती झाली नाही, म्हणून नंबर ५ला निकालात स्थानच नाही. पोर्शे ३८४ लॅप, पहिली. दुसरी टोयोटा, नंबर ६, ३८१ लॅप, दुसरी. तिसरी ऑडी, ३७२ लॅप. म्हणजे पहिलीइतक्याच लॅप मारलेली गाडी यादीबाहेर, आणि बारा लॅप मागे असलेली पोडियमवर शँपेन उडवतेय. लोकांचा खरा राग इथे आहे, आणि तो मला समजतो. पण त्या नियमामागचा विचार करा. वेळेची अट नसेल तर मोडलेली गाडी फिनिश लाइनच्या अलीकडे तासभर लावून ठेवायची आणि चोवीस तास भरले की ढकलत पलीकडे न्यायची, असंच सगळे करतील. शेवटपर्यंत धावती गाडी पाहिजे, एवढंच तो नियम मागतो. त्या दिवशी तो नेमका आडवा आला सगळ्यांत जास्त राबलेल्या गाडीला.

आता बिघाड. टोयोटाने थोड्याच दिवसांत सांगितलं: टर्बोचार्जर आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या लाइनवरच्या कनेक्टरमध्ये दोष, त्यामुळे टर्बोचं नियंत्रण गेलं. ज्यांना हे जर्मन-जपानी वाटतंय त्यांच्यासाठी: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो आत जाणारी हवा दाबतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून इंजिनाला देतात. या वाटेवरचा एक जोड सुटला की हवेचा दाब किती ठेवायचा हे कंट्रोलरच्या हातात राहत नाही. बाकी सगळी गाडी ठणठणीत, आणि तरी पॉवर शून्य.

म्हणजे ज्या नव्या टर्बोने त्यांना त्या वर्षी पुढे नेलं, त्याच टर्बोच्या वाटेवर घात झाला. ५,२३३ किलोमीटरची शर्यत, पुण्याहून दिल्लीला दोनदा जाऊन परत यावं त्याहून जराशी कमी. त्यातली शेवटची एक लॅप राहिली होती.

इथे 'नशीब' म्हणणाऱ्यांना मी आमच्या कंपनीत दोन दिवस बसवीन.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडून गेलेल्या लॉटमधल्या एका होजचा (नळीचा) क्विक कनेक्टर, म्हणजे दाबून बसवायचा जोड, पूर्ण बसला नव्हता. बसताना टक् आवाज येतो, तो ऑपरेटरने ऐकला नाही, कारण शेजारी ग्राइंडर चालू होता. लीक टेस्टला तो तात्पुरता धरून राहिला आणि पास झाला. कस्टमरच्या लाइनवर सुटला. लाइन थांबली चाळीस मिनिटं. त्या संध्याकाळी मी त्यांच्या मीटिंग रूममध्ये उभा होतो (बसा कुणी म्हणालं नाही) आणि आमच्या साहेबांनी सुरुवात केली, "सर, या वर्षात आपण दोन लाखांवर पीस चांगले दिलेत..." समोरच्या माणसाने वर न बघता विचारलं, "टक् आवाजाची खात्री कोण करतं?" नंतर एट-डी रिपोर्ट (दोष का झाला आणि पुन्हा कसा होणार नाही याचा आठ पायऱ्यांचा अहवाल), फाइव्ह व्हाय (पाचदा 'का?' विचारणं), फिक्स्चर बदललं, डेबिट नोट आली, ग्राइंडर हलवला. त्या रिपोर्टात 'नशीब' लिहायला रकाना नसतो. आणि हे सगळं आम्ही शिकलो कुणाकडून? काइझेन, पोका-योके, गेम्बा, चाकण-भोसरीच्या भिंतींवर लावलेले हे दर्जा सांभाळायचे शब्द जपान्यांकडून, त्यातही मुख्यतः टोयोटाकडूनच आलेत. त्यांच्याच गाडीला 'नैतिक विजय' चिकटवणं म्हणजे त्यांची शिकवणी फुकट घालवणं.

त्यांनी स्वतः तो शब्द वापरला नाही. रडले जरूर. टोयोटाबरोबर काम करणाऱ्या ओरेका या फ्रेंच संघाचे ह्यूग द शोनाक, सगळी हयात शर्यतीत काढलेला माणूस, कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडला. पण पोर्शेवर किंवा नियमावर कुणी बोट ठेवलं नाही. पोर्शेनेही जाहीरपणे लिहिलं की चोवीस तास आपण सोबत आणि समोरासमोर झुंजलो, आमचा आदर तुम्ही कायमचा मिळवलात. पोर्शेचा तो अठरावा विजय होता आणि त्यांना नीट नाचताही येत नव्हतं.

टोयोटाच्या बाबतीत तर इतिहासच असा होता की रडून रडून डोळे आटावेत. १९९४ला इमोलाच्या अपघातात वारलेल्या ड्रायव्हर रोलांड रात्झेनबर्गरच्या जागी एडी अर्व्हाइन बसला, गाडीवर रात्झेनबर्गरचं नाव तसंच ठेवलं, पुढे होते, आणि शेवटच्या दीडएक तासात गिअरची जोडणी गेली. १९९८ला पुन्हा शेवटाला गिअरबॉक्स. १९९९ला उक्यो काटायामा बीएमडब्ल्यूच्या मागे लागला आणि शेवटच्या तासात टायर फुटला. २०१४ला पहाटे पुढे असताना वायरिंगने दगा दिला, आणि तेव्हाही गाडीत नाकाजिमाच होता. त्याआधीच माझदाने १९९१ला रोटरी इंजिनाच्या गाडीवर शर्यत मारून नेली, त्यामुळे 'पहिली जपानी गाडी' हा मानही गेलेला.

आणि हे फक्त टोयोटाचं दुखणं नाही. १९५२ला पिएर लव्हेने सहकाऱ्याला चाक न देता जवळजवळ तेवीस तास एकट्याने टाल्बो गाडी चालवली, कित्येक लॅप पुढे होता, आणि शेवटच्या टप्प्यात इंजिन गेलं. तेव्हाही लाभ जर्मनांचाच, मर्सिडीजचा.

मला खरी हळहळ वाटते ती एका माणसाची, आणि त्याच्याबद्दल त्या क्लिपखाली कुणीच लिहीत नाही. अँथनी डेव्हिडसन. २०१२ला याच शर्यतीत धीम्या फेरारीशी धडक होऊन त्याची टोयोटा हवेत उडाली, पाठीचे दोन मणके मोडले. बरा झाला, परत आला, २०१४ला बुएमीबरोबर अशा लांब पल्ल्याच्या शर्यतींचा जगज्जेता झाला. २०१६ला तीन मिनिटं कमी पडली. २०१८ला संघाने फॉर्म्युला वनच्या फर्नांडो अलोन्सोला आणलं आणि जागा गेली ती डेव्हिडसनची. त्याच वर्षी ती गाडी जिंकली. बुएमीच्या नावावर आज चार ले माँ आहेत, नाकाजिमाच्या तीन. डेव्हिडसनच्या नावावर एकही नाही, आणि तो आता गाडी चालवणं सोडून समालोचन करतो. नैतिक विजयाचं काय करायचं ते त्याला विचारा.

२०१८च्या विजयाला लोक नाक मुरडतात. ऑडी २०१६नंतर गेली, पोर्शे २०१७नंतर, उरली टोयोटा आणि मागे हायब्रिड नसलेल्या छोट्या संघांच्या गाड्या. 'रिकाम्या मैदानात धावले' हे मीही म्हणतो, त्यात खोटं काही नाही. पण त्यांनी त्या वर्षी तयारी कशी केली ते बघण्यासारखं आहे. सरावात मुद्दाम बिघाड घडवून आणायचे, ड्रायव्हरला आणि पिटला आधी सांगायचं नाही, आणि गाडी परत कशी आणतात ते बघायचं. समोर पोर्शे नव्हती, तरी हे केलं. २०१६चा एट-डी दोन वर्षं उघडा ठेवला होता, असं मला वाटतं. आमच्याकडे कस्टमर ओरडायचा थांबला की आम्ही दुसऱ्या दिवशी बंद करतो.

१७ जून २०१८, पुन्हा रविवार, पुन्हा साडेसहाची वेळ. शेवटचा टप्पा संघाने नाकाजिमालाच दिला. टोयोटा नंबर ८ पुढे, तिच्या मागे दोन लॅपवर टोयोटाचीच नंबर ७, तिसरी गाडी तर कुठल्या कुठे. आतून हिने विचारलं, "झाली का एकदाची? चहा टाकू?"

अप्पा माझ्याआधी बोलले.

"थांब गं. तीन मिनिटं आहेत अजून."