फुकटची रोवणी

भंडारा जिल्ह्यातील एका जुन्या मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच्या काळातल्या, तलावात, गुडघाभर चिखलात वाकून मी परवा देवधान रोवत होतो, तेव्हा पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, प्रश्न आला, "काहून जी, रोजी किती पडते?"

कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, काळा चष्मा आणि तळहातावर पन्नीत अव्याहत घोटला जाणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा, असे ते गृहस्थ होते. आम्ही पैसे घेत नाही, हौसेने आलो आहोत, असे मी अभिमानाने सांगितले. घोटणे थांबले.

"फुकट? अन लावून काय राहिले?"

"देवधान. जंगली भात."

"मंग भात निघन?"

"नाही, दाणे पिकताच गळून जातात. पाखरे खातात."

"म्हणजे पाखरायसाठी फुकट रोवणी!" त्यांनी चष्मा काढून मला नीट न्याहाळले. "इथं माह्या बांधीत रोवणीले माणूस भेटत नाही. उद्या तिकडंच या ना. जेवण देतो. रोवता तसं वाकडंच, पण चालून जाईन."

त्या वाकड्या ओळींवर मी सकाळपासून कंबर मोडली होती, आणि तलावात भात ओळीत वाढत नाही, हे त्यांना सांगण्याइतका दम माझ्यात उरला नव्हता.

मग विषय काठावर माजणाऱ्या बेशरम या झुडपाकडे वळला. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायांनी ती मुळासकट उपटली, याचे त्यांना फार वाईट वाटले होते. कशी हिरवीगार होती, जांभळी फुले यायची! ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली, गुरे तिला तोंड लावत नाहीत, तोडून टाकलेली फांदीही ओल मिळताच मूळ धरते आणि काठ गिळून बसते, एवढे मी सांगितले. पाण्यातली गवते गेली की स्थानिक मासे अंडी कुठे घालणार आणि कमळपक्षी घरटे कशावर करणार, हेही सांगणार होतो, पण तोवर त्यांनी काठाला दगडी पिचिंग, फरसबंदी आणि मधोमध रंगीत कारंजे अशी योजना मांडली होती.

खरा राग मला तिथे आला. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले हे तलाव मालगुजारी संपल्यावर गाळाने भरत गेले, तेव्हा कोणाला सौंदर्य आठवले नाही. आता आठवते ते नेमके सिमेंटच्या रूपात, आणि त्यासाठी पैसाही निघतो. रोपांच्या गाडीभाड्यासाठी मात्र आम्ही वर्गणी काढतो.

शेवटी गृहस्थांनी माझ्या हातातली जुडी मागितली, पाळीवरच ती छातीशी धरून फोटो काढवून घेतला, मला "बाजूले व्हा, चिखल येऊन राहिला" म्हणाले, जुडी परत केली आणि रिकामी पन्नी तलावात भिरकावली. ती मीच काढली.

सायंकाळी गावातल्या एका मुलाने मला व्हॉट्सॲपवर तोच फोटो दाखवला. वर ‘भव्य वृक्षारोपण’ असे लिहिलेले, खाली अभिनंदनांची रांग. कोणीतरी विचारले होते, झाड कोणते? गृहस्थांनी तत्परतेने उत्तर दिले होते, "कडुलिंब."