मसाई पठारावरची वाट

कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर काल रात्री वाद पेटला तो पन्हाळा-पावनखिंड मोहिमेवरून. आबांचे म्हणणे असे की, १६६० सालच्या आषाढात महाराज आणि बाजीप्रभू ज्या वाटेने गेले, त्या वाटेने चालणाऱ्या पोरांना कोणीही नियम सांगू नयेत.

चालण्याला माझा विरोध मुळीच नाही. चिखल चुकवण्यासाठी मळलेली वाट सोडून त्या मार्गावरच्या मसाई पठारावर दोन्ही अंगांनी पांगत जाणे मला सहन होत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. हे पठार म्हणजे सडा, जांभ्या खडकाचा उघडा माळ. त्यावरची माती काही ठिकाणी बोटभरही खोल नसते आणि तिच्यात नत्र फार कमी असते. म्हणून तर आपल्या सड्यांवर दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या तांबड्या, चिकट केसांत बारीक किडे धरते आणि सीतेची आसवं पाण्याखालच्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते. ही वीतभरही न वाढणारी झाडे पावसात उगवतात आणि बी टाकून दिवाळीच्या सुमारास सुकतात; बी धरण्याआधीच ती बुटाखाली गेली, तर पुढच्या पावसाळ्यात तिथे उगवणार काय?

"मग गुरं काय वाटेनंच चालतात व्हय, मास्तर?" आमच्या दूधवाल्या मित्राने विचारले. प्रश्न रास्त होता. साताऱ्याजवळच्या कास पठाराला घातलेले कुंपण पुढे काढून टाकले गेले, याची आठवण त्यानेच करून दिली. चराई पूर्ण थांबली की उंच गवत माजते आणि बुटकी फुले झाकोळतात, हे गुराख्यांना आपल्याआधीपासून ठाऊक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेले 'संवर्धन राखीव' क्षेत्र मला पटते ते याचसाठी. त्यात रहिवाशांचे हक्क शाबूत राहतात आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा माणूस बसतो. पन्हाळगड आणि विशाळगड परिसराला हा दर्जा मिळालेला आहे.

चिखलाच्या जागी वाटेतच दगड टाकून सगळ्यांनी त्यावरूनच जायचे, इतके आबांनी अखेर मान्य केले. एका दिवशी किती जणांना सोडायचे याला मर्यादा नको, या मुद्द्यावर मात्र ते हटून बसले. मला ते अजूनही पटलेले नाही, कारण गर्दी वाढली की रांग मोडते आणि मोडलेली रांग सड्यावरच पसरते.